दारापासून सुरुवात

आता दोघांपुरत्या फक्त दोन फळ्या कोरड्या उरल्या होत्या.

"अहो," ती म्हणाली, "तुम्ही सुरुवात कुठून केलीत?"

तिचा नवरा गुडघ्यांवर बसला होता, हातात ब्रश. त्याने मान वळवून मागे पाहिलं. दारापासून खिडकीपर्यंतची सगळी लाकडी जमीन ओली, मधाच्या रंगाने चकाकत होती, आणि दार पार पलीकडे होतं. वॉर्निशचा डबा दाराशी उघडला म्हणून तो दाराशीच बसला आणि तिथूनच कामाला लागला. कुणीही शहाणा माणूस आतल्या भिंतीपासून दाराकडे येतो. हा तर घड्याळं दुरुस्त करणारा, डोळ्याला भिंग लावून केसाएवढ्या स्प्रिंगा बसवणारा. पण रविवारी त्याच्या मनगटावर घड्याळ नसतं आणि डोकंही जाग्यावर नसतं, असं तिचं जुनं म्हणणं होतं.

खरं तर चूक त्याच्या एकट्याची नव्हती. ती खिडकीच्या रुंद कट्ट्यावर बसून चौकटीचा जुना रंग खरवडत होती आणि गात होती. एकच गाणं, पुन्हा पुन्हा, जिथे श्वास कमी पडत होता तिथे थांबून परत पहिल्यापासून. तिच्या एका ओळीत त्याची एक फळी होत होती. ब्रश गाण्यामागून चालत खिडकीपर्यंत आला आणि दोघांनाही कळलं नाही. वॉर्निशच्या वासाने डोकं हलकं झालं होतं, ऊन आत येऊन पसरलं होतं, आणि दुपार कशी पाण्यावर तरंगत गेली होती.

ऊन भिंतीपासून तिसऱ्या फळीवर आलंय, म्हणजे साडेतीन होऊन गेले, असं त्याने सांगितलं. पाच वाजेपर्यंत पलीकडच्या गल्लीतल्या सभागृहात गायनवृंदासाठी नवे आवाज ऐकणार होते. वर्षातून एकदाच ऐकायचे. मागच्या वर्षी नेमक्या त्याच रविवारी छपराची कौलं उतरवलेली होती, त्याच्या आदल्या वर्षी मोरीचा पाइप फुटला होता. डोळ्यांच्या दवाखान्यात ती दिवसभर लोकांना खालची ओळ वाचायला सांगायची, आणि गाण्याचं कुणी विचारलं की म्हणायची, घर झालं की जाईन. हे जुनं घर घेऊन पाच वर्षं झाली, सगळे शनिवार-रविवार त्यातच गेले, पण घर काही व्हायचं नाव घेत नव्हतं.

तिने डब्यावरची बारीक अक्षरं वाचली. सुकायला आठ तास. खिडकी वरच्या मजल्यावरची, शिडी जिन्याखाली, फोन स्वयंपाकघरात. तिला वाईट वाटलं. पण त्या वाईट वाटण्याच्या तळाशी थोडं हायसंही वाटलं, आणि ते जाणवल्यावर तिची तिलाच लाज वाटली.

"जाऊ दे," ती म्हणाली. "तीन आठवडे घासून घासून बोटांची सालं निघालीत आपली. पुढच्या वर्षी बघू."

बंद पडलेलं घड्याळ हातात आलं की तो आधी नुसतं पाहत राहतो, तसा तिच्याकडे पाहत राहिला.

"तू घाबरलीस," तो म्हणाला.

मग ती बोलत सुटली. बावन्नाव्या वर्षी परक्या माणसांसमोर उभं राहायचं, तेही विशी-बाविशीच्या पोरींच्या रांगेत, कोण घाबरणार नाही? आणि नाही जमलं तर? इथे निदान फळी घासली की घासलेली दिसते तरी. त्याने सगळं ऐकून घेतलं. वाकून तिच्या पायांतल्या सपाता काढल्या आणि कट्ट्यावर नीट जोडून ठेवल्या.

"पाऊल सपाट टेकव. म्हणजे घसरणार नाहीस."

"अहो, जमिनीची वाट लागेल."

"लागू दे. आपलीच आहे."

ती कट्ट्यावरून कोरड्या फळीवर उतरली. मग तिने एक पाऊल टाकलं. वॉर्निशने ते धरलं आणि चिकट आवाज करत सोडलं. खोलीच्या मध्यावर ती थांबली. चहूकडे चकाकती जमीन, त्यात उलटी खिडकी, उलटं छत, उलटी ती. आपण तळ्यावरून चालतोय असं तिला वाटलं, आणि मागे वळून पाहिलं तर बुडू असंही. ती गाण्याची पहिली ओळ हळूच गुणगुणायला लागली.

तळव्यांना टर्पेंटाइन लाव, जिन्याखाली आहे, असं तो ओरडून सांगेपर्यंत ती दिसेनाशी झाली होती. खाली नळ वाजला, कपाटाचं दार वाजलं, मग बऱ्याच वेळाने फाटक.

तो दोन फळ्यांवर एकटा उरला. तिचं पहिलं पाऊल हाताच्या अंतरावर होतं, अजून ओलं. वरून एकदा ब्रश फिरवला की मोडून जाणार होतं. सवयीने त्याने ब्रश बुडवला, निथळला आणि हात लांब केला.

तेवढ्यात तिरप्या उन्हात त्याला सगळी पावलं एकदम दिसली. खिडकीजवळची एकमेकांना खेटून पडलेली होती. मध्यावर दोन्ही शेजारी शेजारी. तिथून पुढे मात्र अंतर वाढत गेलं होतं, आणि दाराशी तर ती चांगली लांब लांब पडली होती.

त्याने ब्रश डब्यावर आडवा ठेवला, भिंतीला पाठ टेकली आणि पाय दुमडून बसून राहिला.