नुसतं बघून

बाई स्टुलावर बसल्या होत्या आणि समोरचा अख्खा वर्ग त्यांच्याकडे टक लावून बघत होता. हात लावायचा नाही, तपासायचं नाही. नुसतं बघायचं, एकच प्रश्न विचारायचा आणि आजार सांगायचा. गुरुवारचा हा तास म्हणजे सरांचा हातखंडा प्रयोग. पेशंट आधीच येऊन बसलेला असे, सर मागाहून येत.

"अहो, मी जरा..." बाईंनी तोंड उघडलं.

"मावशी, थांबा हं. बोलायचं नाही. आधी आम्ही बघतो," एका उंच मुलानं त्यांना गप्प केलं.

बाईंना गंमत वाटली. दारातल्या शिपायानं "सर येतीलच, आत बसा" म्हटलं होतं आणि बसायला रिकामं असं हे स्टूलच दिसलं, म्हणून त्या टेकल्या होत्या. नवऱ्याच्या या तासाचं कौतुक जेवताना इतक्यांदा ऐकलं होतं, की म्हटलं, चला, एकदा बघू तरी.

उंच मुलगा म्हणाला, हृदयाचा त्रास. त्याच्या शेजारचा म्हणाला, छे, किडनी. दोघंही आपले ठोकून देत होते. मग पहिल्या बाकावरची एक बारक्या आवाजाची मुलगी उभी राहिली. तिला सगळे चिमणीच म्हणत.

"मावशी, बाकीच्यांना उकडत असताना तुम्हाला एकटीलाच थंडी वाजते का?"

"वाजते की," बाई म्हणाल्या. आवाज घोगरा, एकेक शब्द विहिरीतून ओढून काढल्यासारखा. "आमच्याकडे पंख्यावरून रोज भांडण."

तेवढ्यात मागचं दार वाजलं आणि सर येऊन शेवटच्या बाकावर बसले. "चालू द्या," म्हणाले. आज चष्मा घरी विसरल्यामुळे त्यांना फळ्याजवळचं सगळं धुरकट दिसत होतं. पण या तासाला त्यांना डोळ्यांची गरज नव्हती. ते फक्त ऐकत.

"सर, थायरॉइड," चिमणी म्हणाली. "काम कमी करतंय. चेहऱ्यावर सूज आहे, कातडी कोरडी. भुवया बाहेरच्या टोकाला गळून गेल्यात, तिथे पेन्सिल फिरवलीय. आम्ही पंख्याखाली घामाघूम झालोय आणि यांनी स्वेटर घातलाय. आवाज घोगरा, बोलणं संथ. आणि सर, हे काही आजकालचं दुखणं नाही."

"शाब्बास!" सर खूश होऊन उठले. "आता मला सांगा, हे इतकं ढळढळीत दिसत असताना यांच्या घरचे काय झोपा काढत होते?"

वर्ग हसला. सरांना जोर चढला. बाकांमधून वाट काढत ते पुढे येऊ लागले.

"हे घरचे लोक म्हणजे ना! अंगावर सूज आली, की म्हणणार, खाऊन सुटलीय. झोप अनावर झाली, की म्हणणार, कामाचा कंटाळा. काही विसरली, की म्हणणार, लक्ष कुठे असतं तुझं? पण एकदा नीट बघतील तर शपथ!"

बोलत बोलत ते स्टुलापाशी आले.

"चष्मा राहिला होता तुमचा," बाई म्हणाल्या आणि त्यांनी डबी पुढे केली.

सरांनी चष्मा घातला. बायकोच्या भुवयांवर पेन्सिलीच्या दोन रेघा होत्या. रोज सकाळी आरशासमोर ती त्या काढायची. "या वयात नटणं कुणासाठी गं?" असं ते परवाच म्हणाले होते.

आता कुणी हसत नव्हतं. चिमणीचा चेहरा पांढराफटक पडला.

सर घसा खाकरून वर्गाकडे वळले. अशा वेळी दुसरं काही करणं त्यांना येतच नव्हतं. "निदान बरोबर आहे," ते म्हणाले. "पुढे... पुढे काय कराल?"

"घरच्या माणसाला विचारू, सर. आवाज कधीपासून बदलला ते," चिमणी सवयीनं बोलून गेली आणि तिनं जीभ चावली.

सगळे सरांकडे बघू लागले. घरचं माणूस तिथे ते एकटेच होते. त्यांनी आठवून पाहिलं. बायकोचा पूर्वीचा आवाज कसा होता, तेच त्यांना आठवेना.

"असतील चार-सहा महिने," ते पुटपुटले.

"अहो, नात झाली तेव्हाच लेकीनं फोनवर विचारलं होतं, आई, घसा का बसलाय तुझा?" बाई म्हणाल्या. त्या चिडल्या असत्या तर सरांना बरं वाटलं असतं. पण त्या आपल्या नेहमीसारख्याच बोलत होत्या. "नात आता बालवाडीत जाते."

मग त्या चिमणीकडे वळल्या. "म्हणजे बाळ, हा आजार आहे? मी आळशी नाही?"

"नाही हो काकू! आळशी कसल्या? रक्त तपासायचं, रोज एक गोळी घ्यायची. बरं वाटेल तुम्हाला."

"खरंच?"

"अगदी खरं."

"मग ते जरा यांच्याकडे बघून सांग."

चिमणीनं मान वर केली. सर खाली फरशीकडे बघत होते.