एकशे चाळिसावी ओळ

“हे कुणी केलं?” टीमच्या कप्तानाने विचारलं. कॉम्प्युटर लॅबमधल्या बाकी तिघांनाही उत्तर माहीत होतं. त्यालाही होतं.

पडद्यावर बाईंचं पत्र उघडं होतं. बाई म्हणजे ही टीम ज्यात काम करते त्या प्रकल्पावर देखरेख करणाऱ्या. राहतात कुठल्या देशात कुणाला ठाऊक नाही, पण शब्द मोजून वापरतात आणि प्रत्येक शब्द लागतो. प्रकल्प साधा होता: अंध माणसांना पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्रॅम. फुकट, सगळ्यांना खुला, जगातल्या कुणीही दुरुस्त करावा असा. या चौघांच्या टीमने त्याला आकडे नीट वाचायला शिकवलं होतं. पंधरा दिवसांपूर्वी बाईंनी ते काम स्वीकारलं. आणि काल त्या प्रोग्रॅमने एका अंध माणसाला औषधाच्या चिठ्ठीवरची ‘.५ गोळी’ ‘पाच गोळी’ अशी वाचून दाखवली. बायकोने त्याच्या हातातल्या गोळ्या हिसकावल्या म्हणून तक्रार लिहायला तो शिल्लक राहिला.

‘या ओळी ज्याने लिहिल्या त्याने चारच्या आत कारण आणि दुरुस्ती पाठवावी,’ बाईंनी लिहिलं होतं. ‘नाहीतर तुमचं सगळं काम काढून टाकते.’

प्रोग्रॅममधल्या त्या ओळींवर नाव कप्तानाचं होतं, दोनशे बाराच्या दोनशे बारा ओळींवर. लिहिल्या होत्या टीममधल्या एकुलत्या मुलीने; कप्तान तिला मुंगी म्हणायचा. पण लॅबमध्ये धड चालणारं मशीन एकच, ते कप्तान आपल्याच खात्यावर उघडं ठेवतो आणि तिथून कुणीही काहीही पाठवलं तरी त्याच्याच नावाने जातं. पहिल्याच दिवशी मुंगीने हे बोलून दाखवलं होतं. “टीमचं काम आहे,” तो म्हणाला होता, “नाव कुणाचं का असेना.” असं म्हणणाऱ्याचंच नाव असतं नेहमी! बाई दरवर्षी एका विद्यार्थ्याला हाताखाली घेऊन वर्षभर शिकवतात. यंदा ती जागा कप्तानाला मिळणार हे जवळजवळ ठरलं होतं. मुंगीचा अर्ज एका वाक्यासह परत आला होता: ‘तुमच्या नावावर एकही ओळ सापडली नाही.’ ते वाक्य तिला झोपेतही पाठ होतं.

“मी सांगितलं होतं तुला,” मुंगी म्हणाली. “आधी शून्य नसेल तर ते टिंब गिळतं. दोन दिवस दे म्हटलं होतं.”

“वा! मुंगीला पंख फुटले. आणि मी काय म्हटलं होतं?”

“पाठव, कोण बघतंय.”

“पण पाठवलं कुणी? बोट कुणाचं होतं?”

बोट तिचंच होतं. काल ती तक्रार वाचल्यापासून ते बोट तिला नकोसं झालं होतं.

टीममधले उरलेले दोघे खुर्च्या मागे सरकवून भिंतीला टेकले. एकाने हो म्हणायचं आणि दुसऱ्याने मान हलवायची, एवढंच त्यांचं काम. आज कुणाला हो म्हणावं ते कळत नव्हतं.

कप्तानाने स्वतःच उत्तर लिहिलं. ‘आमच्याकडून अनवधानाने राहून गेलं.’ दोन मिनिटांत बाईंचं उत्तर आलं: ‘आमच्याकडून म्हणजे कुणाकडून? एकशे चाळिसाव्या ओळीत टिंब का टाकून दिलंत ते सांगा.’

त्याने एकशे चाळिसावी ओळ काढली. वाचली. पुन्हा वाचली. तिथे काय चाललंय तेच त्याला कळेना.

“बस इथे,” तो मुंगीवर ओरडला. “माझं नाव मातीत घालतेस? आधी दुरुस्त कर. मग तुझ्या खात्यावरून लिही, चूक माझी आहे म्हणून. माझ्यावर शिंतोडा नको.”

“फक्त चूक माझी?”

“मग काय माझी? एकूण एक ओळ तू लिहिलीस, मी हातसुद्धा लावलेला नाही!”

“असंच लिहू?”

“शब्दन् शब्द लिही!”

मुंगी बसली. दुरुस्ती चार ओळींची होती. ती पंधरा दिवस तिच्या वहीत तयार पडली होती. तिने स्पीकर लावला, वाचणारा प्रोग्रॅम सुरू केला. “पॉइंट पाच गोळी,” तो सपाट आवाजात म्हणाला. तिने तीनदा ऐकलं. मग कप्तानाच्या खात्यातून बाहेर पडून स्वतःचं खातं उघडलं आणि न थांबता लिहीत गेली.

“झालं? ‘चूक माझी’ घातलंस ना?” खिडकीपाशी येरझारा घालत कप्तानाने विचारलं.

“पहिलंच वाक्य आहे.”

“मग पाठव.”

तिने पाठवलं. वाचणारा प्रोग्रॅम अजून चालूच होता. समोर आलेलं वाचणं एवढंच त्याला येतं, तसं तो वाचू लागला.

“चूक माझी आहे. मला ती ठाऊक होती, तरी मी पाठवलं. त्या माणसाची आणि त्याच्या बायकोची मी माफी मागते. या दोनशे बारा ओळींपैकी एकूण एक ओळ मी लिहिली. ज्याचं नाव त्यांवर आहे, त्याने हातसुद्धा लावलेला नाही.”

भिंतीशी बसलेल्या दोघांपैकी एकाला हसू फुटलं. त्याने ते खोकल्यात घातलं.

“काढ ते,” कप्तान म्हणाला. “आत्ताच्या आत्ता काढ.”

“प्रकल्पातल्या सगळ्यांना गेलं,” मुंगी म्हणाली. “तूच सांगितलंस ना, शब्दन् शब्द.”

तेवढ्यात बाईंचं उत्तर आलं, आणि प्रोग्रॅमने तेही त्याच सपाट आवाजात वाचायला घेतलं. “माहीत असून पाठवलंत, हे मी विसरणार नाही. दुरुस्ती घेतली. ओळींवरचं नाव आज बदलते.”

आवाज थांबला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. कप्तान धावत येऊन एकेक बटण दाबू लागला. प्रोग्रॅम वाचतच राहिला. तो बंद कसा करायचा, हे चौघांत एकटीलाच माहीत होतं, आणि ती दप्तराची चेन लावत होती.