मागे सारलेली पिन

डॉक्टरांनी दात बघायचा छोटा आरसा इंजिनच्या मागच्या फटीत घातला आणि त्यांना ती पिन दिसली.

सेन्सरच्या कनेक्टरमध्ये तीन पितळी पिना होत्या. दोन जागेवर, तिसरी मागे ढकललेली. कनेक्टर वरून नीट बसलेला दिसायचा, बसवताना खट्‌ आवाजही यायचा, पण ती एक पिन समोर टेकतच नव्हती. म्हणून सेल्फ मारला की इंजिन नुसतं घरघरायचं, चालू व्हायचं नाही. गेले दोन महिने ते हाच बिघाड शोधत होते.

कनेक्टर सोडवून त्यांनी उजेडात धरला. पिन आपोआप सरकलेली नव्हती. तिची बारीक कडी आधी उचलून मग ती मागे सारली होती. शेजारी प्लॅस्टिकवर बाकदार ओरखडा होता. किडलेला दात टोकरून बघायची आकड्यासारखी सुई असते, तिचा. ती सुई इतक्या हलक्या हाताने चालवणारी माणसं त्यांना दोनच माहीत होती. एक ते स्वतः. दुसरी त्यांची लेक. त्यांचा दातांचा दवाखाना आता तीच चालवत होती, आणि या क्षणी शेजारी टॉर्च धरून उभी होती.

“टॉर्च खाली ठेव,” ते म्हणाले.

तिने ठेवला. त्यांच्या तळहातावरच्या कनेक्टरकडे बघितलं.

“हो. मीच केलं.”

डॉक्टरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“दर रविवारी इथे उभी राहून मला उजेड दाखवलास. मी सगळं वायरिंग उपसलं, पेट्रोलचा पंप बदलला. तू आपली, बाबा, इकडे बघा, बाबा, तिकडे बघितलंत का. मला वाटलं, संपलं, आपलं डोकं गेलं. अंथरुणात पडल्या पडल्या इंजिनच्या एकेका भागाचं नाव घोकायचो, कुठलं विसरलो तर नाही ना म्हणून. गाडी बंद पाडलीस ते सोड. मला वेड्यात काढलंस तू.”

“मग काय करायला हवं होतं मी?” तिचाही आवाज चढला. “तोंडावर सांगून झालं होतं. चौकात तुमचं भान गेलं, गाडी फुटपाथवर चढली, ती फुलवाली उडी मारून बाजूला झाली म्हणून वाचली. मी म्हटलं, आधी डोकं तपासून घेऊ, तोवर गाडी नको. तुम्ही काय म्हणालात?”

“ब्रेक लागले नाहीत.”

“ब्रेक लागले नाहीत. म्हणून नवे ब्रेक आले. मग जुना टर्बो दमला म्हणून मोठा टर्बो. तो तापतो म्हणून त्याच्या पुढे आणखी एक रेडिएटर. मग म्हणे चारही चाकांना सारखा जोर जात नाही, चला, गाडी खालून खोला. बाबा, तुम्ही या गाडीत सगळं बदललंत. त्या दिवशी गाडीत काही बिघडलेलंच नव्हतं.”

डॉक्टरांनी हातातला पाना भिरकावला. तो पत्र्याच्या कपाटावर आदळला आणि कपाटावरचे डबे खाली आले. घरातून कोणी आलं नाही. यायला कोणी नव्हतंच. घरात दोघंच राहत होती.

मग त्यांनी चिमटा घेतला. पिन पुढे ओढली, कडी अडकवली, कनेक्टर जागेवर बसवला. तिने बघावं म्हणून मुद्दाम सावकाश केलं. बोट कुठेही थरथरलं नाही. बॉनेट आपटून ते गाडीत बसले आणि किल्ली फिरवली.

पहिल्याच फटक्यात इंजिन चालू झालं. ॲक्सिलरेटर दाबला तशी इंजिनात हवा कोंबणाऱ्या टर्बोने शीळ घातली. एकसंध, कुठे हवेची गळती नाही. एवढं जुनं इंजिन आणि त्याचा हा आवाज त्यांनी स्वतःच्या हातांनी जुळवला होता. त्या रागातही त्यांना अभिमान वाटला, आणि तिच्यासमोर वाटला म्हणून राग आणखी वाढला.

गॅरेजचं दार उघडंच होतं. ती जाऊन दारात, गाडीसमोर उभी राहिली.

“बाजूला हो.”

“नाही होणार.”

“माझ्या घरात मला अडवतेस? हो बाजूला.”

“घाला अंगावर,” ती म्हणाली. “शुद्धीत असाल तर घालणार नाही, ते मला माहीत आहे. शुद्धीत नसाल तर गाडी कोणाच्या तरी अंगावर जाणारच आहे. मग माझ्या जाऊ दे.”

डॉक्टरांनी क्लच दाबला आणि पहिला गिअर टाकला. ती हलली नाही. तिच्या गळ्याची शीर ताठ झाली होती, हाताच्या मुठी वळलेल्या होत्या. लहानपणी इंजेक्शन घ्यायचं नसलं की अगदी अशीच उभी राहायची. त्यांनी काचेतून तिच्या डोळ्यांत डोळे घातले.

गॅरेज शांत होतं.

इंजिन बंद होतं. हँडब्रेक ओढलेला होता. गाडीचं दार उघडं होतं आणि ती त्यांच्या अगदी जवळ वाकून उभी होती. एका हातात किल्ली, दुसरा हात त्यांच्या खांद्यावर. क्लचवरचा त्यांचा पाय दाबून दाबून बधिर झाला होता.

डॉक्टरांनी समोर दाराकडे बघितलं. तिथे कोणी नव्हतं. मग तिच्याकडे बघितलं.

“तू इकडे कधी आलीस?”

तिने किल्ली खिशात टाकली. तिच्या चेहऱ्यावर आता राग उरला नव्हता. तिने पुन्हा रागवावं, ओरडावं, काहीही बोलावं, असं त्यांना फार वाटलं.