घरात भांडी किती?

अठ्ठावन्न सालचा मे महिना. कोणाच्या घरी किती पुंजी आहे याची पाहणी करत हरिहरपंत अमरावतीहून मोर्शीकडच्या एका गावात आले होते. पाटलांच्या ओसरीवर त्यांचा दोनदा चहा झाला. बौद्धपुऱ्यात मात्र ते मनकर्णाबाईच्या अंगणाबाहेरच, भर उन्हात छत्री धरून उभे राहिले.

मनकर्णाबाईनं आधी पितळी गडवा भरून पाणी आणलं.

"नको, तहान नाही," कोरड्या घशानं पंत म्हणाले. तिनं गडवा कुंपणाच्या दगडावर ठेवला.

"बाई, सगळं खरं सांगा हं. तुमच्या लोकांची माहिती आमच्यापर्यंत कधी पोचतच नाही. म्हणून तर एवढ्या उन्हात आलो." पंतांनी कागद काढला. शेत किती, सोनं किती, कर्ज किती, सगळं विचारून झालं. मनकर्णाबाई नुसती दगडावरच्या गडव्याकडे बघत राहिली.

"बरं, निदान पितळेची भांडी किती, ते तरी सांगा."

तिनं तोच गडवा उचलून त्यांच्यापुढे धरला.



"हे एक. पिऊन खाली करा सायेब, मंग घरातले बाकीचे दाखवतो."