गादीखालचं बक्कल

जावईबापूंनी मोठ्या हौसेने गाडीला नव्या गुबगुबीत सीट बसवून घेतल्या. पुढचे बेल्ट नीट लागले, पण मागच्या बेल्टचं बक्कल जाड गादीखाली असं गाडलं गेलं की तिथे बोटही पोचेना.

"साहेब, गाडी उद्यापर्यंत ठेवा. बक्कल वर काढून देतो," मेकॅनिक म्हणाला.

"छे हो! मागे बसतं कोण? आमच्या सासूबाई. त्यांना कशाला हवाय बेल्ट?" जावईबापू खो-खो हसले. शेजारी उभी असलेली बायको हसली नाही.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंना त्यांच्या घरी सोडायला निघताना बायकोने किल्ली स्वतःकडे घेतली, आईला पुढे बसवून बेल्ट लावला आणि स्टिअरिंगवर बसली.



"अहो, बसा ना मागे," ती गोड आवाजात म्हणाली, "आज हायवेने जाऊ."