खाली ठेवायचं नाही

“खाली ठेवायचं नाही,” भागीरथी म्हणाली. “खांदा बदला हवा तर. पण खाली नाही.”

जयलक्ष्मीचा उजवा खांदा पेटला होता. तिने मान वाकवून वासा डाव्या खांद्यावर घेतला. तिच्या बरोबरीने भामा, मागे अंबा आणि जयश्री. चौघींनी पन्नाशी ओलांडलेली. दोन लांब वासे, त्यांवर आडव्या फळ्या, फळ्यांवर वाळूची पोती. पुढे भागीरथी, अनवाणी, टाळ्यांवर ताल धरत. “डावा. उजवा. डावा.” मुलींच्या शाळेत तिने आयुष्यभर ड्रिल शिकवलं होतं. बाई निवृत्त झाल्या, आवाज झाला नव्हता.

हे सगळं सुरू झालं पालखीवरून. तंजावूरच्या त्या मराठी गल्लीतली पोरं कंप्युटर शिकून बंगळूरला नि अमेरिकेला गेली. उरलेले पुरुष नव्या केबल टीव्हीसमोर बसले. आणि गेल्या वर्षी भवानीची पालखी चक्क टेंपोतून निघाली. भागीरथीला ते सहन झालं नाही.

“यंदा अस्के, सगळ्या बायका मिळून उचलूं,” तिने जाहीर केलं.

देवळाचा कारभार पाहणारे सीतारामराव हसले. “बायका खांदा देणार? मग उद्या आणखी कशाकशाला द्याल!”

“देऊं की,” भागीरथी म्हणाली.

जयलक्ष्मीचा खांदा मात्र कधीचा आखडलेला. वेणीसुद्धा सून घालून द्यायची. भर रस्त्यात आपल्यामुळेच पालखी कलंडली तर? पुन्हा गल्लीत तोंड कसं दाखवायचं? तरी ती रोज सकाळी येत राहिली, कारण न येण्यासाठी भागीरथीला कारण सांगावं लागे, आणि ते तर पालखीहून अवघड होतं.

मग एके दिवशी तिने आपली वेणी आपणच घातली आणि आरशासमोर बसून पोटभर रडली. अंबाची साखर उतरली. जिन्याच्या प्रत्येक पायरीवर देवाचा धावा करणारी भामा भरली घागर कमरेवर घेऊन गच्चीवर जाऊ लागली. सकाळी चौघी घामाघूम होऊन जयलक्ष्मीच्या परसात कॉफी प्यायच्या तेव्हा शाळेतल्या पोरींसारख्या खिदळायच्या.

पण सर्वांत जास्त बारीक झाली ती भागीरथी. बांगड्या पार कोपराकडे सरकायला लागल्या.

“ओझं आम्ही वाहतों नि वजन तुमचं उतरतं, अक्का!” भामाने चिडवलं.

“मी ओरडतें ना. त्यानेही उतरतं.”

दर रविवारी ती स्टेशनवर जाऊन तिथल्या वजनाच्या यंत्रावर उभी राहायची. चौघींना तिचा हेवा वाटे. एकट्या बाईला काय, ना नवरा ना पोरं, स्वतःच्या तब्येतीकडे बघायला वेळ असतो, असं अंबा म्हणायची.

वाळूही कमी कमी होत गेली. भागीरथी स्वतःच पोत्यांतून थोडी थोडी काढून टाकायची.

“पालखी जड असते, अक्का. वाळू कमी का करता?” जयश्रीने विचारलं.

“आधी जड उचलावं. मग पुढचं सोपं जातं.”

गल्लीच्या तोंडाशी एक चिंच होती. एकदा तिथे जयश्रीच्या पाठीत कळ आली आणि चौघींनी वासे जमिनीला टेकवले. भागीरथी पांढरीफटक पडली. कुणावर ओरडलीसुद्धा नाही. बाकीच्या गेल्यावर ती जयलक्ष्मीला म्हणाली, “पापनाशमला भाड्याची माणसं होती. पुराचं वर्ष. आपलं कोणी येऊ शकलं नाही. वाटेत चिंचेखाली ठेवलं आणि ताडी प्यायला गेली. आलीच नाहीत परत. मी शाळकरी पोर. दिवसभर शेजारी बसून राहिलें. मला एकटीला उचलवेना.”

“कुठल्या देवळाची पालखी, अक्का?”

“ती चिंच अजून दिसते मला,” भागीरथी एवढंच म्हणाली.

त्यानंतर जयलक्ष्मीलाही काहीबाही दिसायला लागलं. चिंचेजवळून जाताना वाटायचं, खाली एक पोरगी बसली आहे आणि कुणाची तरी वाट बघते आहे. अंगावर काटा यायचा. ती तिकडे न बघता पाऊल उचलायची. काही झालं तरी इथे खाली ठेवायचं नाही, असं स्वतःला बजावायची.

एका संध्याकाळी भागीरथी कॉफी पिऊन उठली. दारात वळून म्हणाली, “शरि, बरं तर, जातें.”

“अय्यो अक्का, ‘येतें’ म्हणा!” जयलक्ष्मी रागावलीच. दारातून निघताना ‘जातें’ कोणी म्हणतं का?

भागीरथी हसली. पण शब्द काही तिने बदलला नाही.

शेवटी तो दिवस उजाडला. चौघी न्हाऊन, ओल्या केसांनी, अनवाणी आल्या. वाशांवर फुलं घातली. गल्लीतले टीव्ही बंद झाले. पुरुष ओट्यांवर उठून उभे राहिले. सीतारामरावांनी चपला काढल्या, पुढे होऊन हार घातला, हात जोडले.

“मी धरूं का एक बाजू?” त्यांनी हळूच विचारलं.

“नको,” जयलक्ष्मी म्हणाली. “आम्हाला सवय झालीय.”

चौघींनी उचललं. वजन शेवटच्या वाळूइतकंच होतं. खांद्यांना काही वेगळं कळलंच नाही. डावा, उजवा, डावा, तो आवाज चौघींना नीट ऐकू येत होता. चिंचेपाशी त्यांनी खांदा बदलला. खाली ठेवलं नाही. जयलक्ष्मीने धीर करून झाडाखाली पाहिलं. तिथे कोणीच बसलेलं नव्हतं.

गल्ली संपली. देऊळ डावीकडे होतं. भागीरथीला घेऊन चौघी उजवीकडे वळल्या, नदीकाठच्या स्मशानाकडे.