भोकांचा पुठ्ठा

“तेवीस,” कात्रीबाई म्हणाली आणि तिने पुठ्ठ्यावरचं बोट उचललं. “शंभरात तेवीस! डोळे मिटून काळं फासलं असतंस तरी एवढे पडले असते.”

सून टेबलाच्या पलीकडे उभी होती. पेन्सिल अजून तिच्या हातातच होती.

“परत एकदा बघता का, आई?”

“का? माझी मोजणी कच्ची आहे?”

“नाही,” सून म्हणाली. “तुम्ही मोजलंत म्हणजे बरोबरच असणार.”

ते खरंच होतं. शिवणकामाच्या त्या दुकानाची ती मालकीण. कात्रीबाई हे नाव हातातल्या कात्रीवरून पडलं की तोंडातल्या, हे विचारायची गल्लीत कुणाची छाती नव्हती. पण तिच्या मापात सुताचा फरक निघाला असं वैऱ्यानेही म्हटलं नसतं. शाळा तिने दुसरीतच सोडली होती. इंग्रजी म्हणजे तिच्या लेखी मुंग्यांची रांग. तरी सुनेने विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेचं नाव काढलं, तेव्हा इंग्रजीचे सराव पेपर तपासायचं काम तिने दुसऱ्या कुणाला दिलं नाही. पुस्तकाबरोबर एक भोकांचा पुठ्ठा मिळाला होता. वाक्यातली चूक ओळखा, गाळलेली जागा भरा, उलट अर्थाचा शब्द निवडा, असले प्रश्न. सुनेने उत्तराचा गोल काळा करायचा. कागदावर पुठ्ठा ठेवला की जेवढी उत्तरं बरोबर, तेवढेच काळे ठिपके भोकांतून दिसायचे.

“व्याकरण तुझं तू बघ,” कात्रीबाईने सांगितलं होतं. “भोकं मोजायला मी खंबीर आहे.”

अटही तिचीच. शेवटच्या सराव पेपरात सत्तर पडले तरच परीक्षेला बसायचं. तिचा मुलगा ह्याच इंग्रजीत तीनदा आपटला होता आणि आता दुकानात काजं-बटणं करत होता. एका घरातली दोघं नापास झाली तर गल्ली आपल्या दारात येऊन टाळ्या पिटेल, ही तिची धास्ती. पण तोंडाला कुलूप नव्हतं. मुलगा जेवायला बसला की ती सुरू व्हायची. “शीक जरा बायकोकडून. तुझ्या डोक्यात तीन वर्षांत जे शिरलं नाही, ते ही भांडी घासता घासता पाठ करते.” मुलगा ताटात बघून हसायचा.

मागच्या खेपेला सून सत्तरला हात लावून आली होती. आणि आज हे. ऐन वेळी बिचकली, दुसरं काय. मोजण्यात तर काही खोट नव्हती. मशीनला तेल घालून कात्रीबाईचे हात माखले होते, म्हणून पुठ्ठा मुलानेच कागदावर ठेवून चार टाचण्या मारून दिल्या होत्या. “तू फक्त मोज, आई.” आज पुठ्ठा कसा पांढराशुभ्र दिसत होता. नजर कुठे अडखळली नाही.

सुनेने कागदाकडे हात नेला.

“आता कशाला? मेल्याची नाडी बघतेस?” कात्रीबाईने तिला अडवलं. “राहू दे तिथंच. उद्या सकाळी गणवेशांच्या बाह्या लावायला बस.”

दुसऱ्या दिवशी सून बसली. परीक्षा रस्त्यापलीकडच्या शाळेतच होती. दुकानाच्या दारातून मुलंमुली आत जाताना दिसत होती. कुणाची आई पाण्याची बाटली हातात कोंबत होती, कुणाचा बाप उगाच पाठ थोपटत होता. सून मान खाली घालून बाह्या जोडत होती. घंटा झाली. पहारेकऱ्याने फाटक ओढून घेतलं. एक पोरगी धापा टाकत आली, रडली, त्याच्या हातापाया पडली. फाटक काही उघडलं नाही.

कात्रीबाईला खिशाचा फर्मा कापायला जाड पुठ्ठा हवा होता. कालचा टेबलावर तसाच पडलेला. आता त्याचा उपयोग तरी काय? तिने टाचण्या काढल्या, पुठ्ठा उचलला आणि कापायला उलटा टाकला.

पुठ्ठ्यावर छापलेली मुंग्यांची रांग पोटाकडच्या, कागदाला टेकलेल्या बाजूला होती.

ती बघतच राहिली. फर्म्याची बाजू बघा गं, नाहीतर दोन्ही बाह्या डाव्या निघतील. कामाला आलेल्या प्रत्येक पोरीला तिने हेच पहिल्यांदा शिकवलं होतं. तिने अक्षरं वर ठेवून पुठ्ठा कागदावर बसवला. बोट फिरू लागलं. ठिपका, ठिपका, ठिपका. ऐंशीच्या पुढे गेल्यावर तिला मोजवेना.

सुनेचं मशीन चालूच होतं. कात्रीबाईने हाक मारायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. हाक मारून सांगायचं काय? फाटक तर समोरच दिसत होतं.

ती पुठ्ठा घेऊन मागच्या खोलीत गेली. मुलगा काज करत बसला होता. तिने पुठ्ठा त्याच्या मांडीवर टाकला.

“मेल्या, उलटा लावलास?” आवाज बाहेर जाऊ नये म्हणून ती दातांतून बोलली.

मुलाने पुठ्ठ्याकडे बघितलं. नाकारलं नाही.

“लावला.”

“बायको आहे रे ती तुझी! तिला तेवीस सांगताना—”

“मी कुठे सांगितले? मी सांगितले असते तर तिने पुन्हा तपासलं असतं.” त्याने दातांनी दोरा तोडला. “मोजायला तूच हवी होतीस, आई.”